बदली कार्ब्युरेटरचे ट्यूनिंग : जीएमसी मोटरहोमच्या ४५५ घनइंची इंजिनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पेट्रोल इंजिनाच्या इतिहासात जवळजवळ एक शतकभर हवा आणि इंधन यांचा मेळ घालण्याचे काम कार्ब्युरेटर या एका धातूच्या पेटीने केले. जगातील बहुतेक नव्या मोटारींतून तो विसाव्या शतकाच्या अखेरीस हद्दपार झाला. भारतात दुचाकींच्या बाबतीत हा बदल एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा ही मानके लागू झाल्यावर पूर्ण झाला. परिणामी आज पदवीवर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला बर्नूलीचे समीकरण सोडवता येते, परंतु त्या समीकरणावर चालणारे सर्वांत परिचित यंत्र त्याने उघडून पाहिलेले नसते. मात्र यंत्र कालबाह्य झाले म्हणून त्याच्यावर चालणारी वाहने रस्त्यावरून लगेच नाहीशी होत नाहीत. अमेरिकेत १९७० च्या दशकातील मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरे, आजही हौसेने जपली व चालवली जातात. त्यांचा मूळ कार्ब्युरेटर झिजला की नवा बसवावा लागतो, आणि नवा बसवला की त्याचे ट्यूनिंग करावे लागते.

हे ट्यूनिंग म्हणजे दोन स्क्रू फिरवून इंजिनाचा आवाज गोड करणे, असा समज सर्वत्र आढळतो. पाच टन वजनाचे वाहन घाट चढत असताना मिश्रण विरळ राहिले तर निकास झडपा जळतात, दट्ट्याच्या माथ्याला भोक पडू शकते. तेच मिश्रण अतिसमृद्ध राहिले तर निकासवायूंतील कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि हे इंजिन तर लोक जेथे बसतात व झोपतात त्या खोलीच्या जमिनीखालीच असते. म्हणून या विषयाकडे केवळ हौशी कारागिरी म्हणून पाहणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. जनरल मोटर्सच्या जीएमसी मोटरहोमचे उदाहरण घेऊन बदली कार्ब्युरेटरच्या ट्यूनिंगमागील भौतिक तत्त्वे व त्यांतून निघणारा कामाचा क्रम स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वाहनाचा परिचय :

जीएमसी मोटरहोमचे उत्पादन जनरल मोटर्सच्या ट्रक व कोच विभागाने १९७३ ते १९७८ या काळात मिशिगन राज्यातील पाँटिॲक येथे केले. २३ फूट व २६ फूट अशा दोन लांबींत मिळून सुमारे १२,९०० वाहने तयार झाली. त्या काळातील इतर मोटरहोम ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असत. येथे मात्र ओल्ड्समोबिल टोरोनाडो या मोटारीची पुढील चाके फिरवणारी यंत्रणा घेतली होती. त्यामुळे जमिनीखालून जाणारा लांब शाफ्ट नाही आणि घराची जमीन रस्त्यापासून बरीच खाली. इंजिन ४५५ घनइंच, म्हणजे सुमारे ७.५ लिटर, आठ सिलिंडरचे. १९७७ पासून त्याची जागा ४०३ घनइंची इंजिनाने घेतली. इंजिनाची जागा चालकाच्या व शेजारच्या आसनाच्या मधल्या भागात, जमिनीतील झाकणाखाली आहे. झाकण उचलले की कार्ब्युरेटर हाताशी येतो. ही सोय आहे आणि धोकाही आहे. त्याविषयी पुढे.

मोटारीसाठी तयार केलेले इंजिन येथे दुपटीहून अधिक वजन ओढते, ही या वाहनाची कळीची बाब होय. पाच टनांचे वाहन ६ टक्के चढावर ताशी ७० किलोमीटर वेगाने नेताना केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे ५७ किलोवॅट शक्ती लागते. हवेचा आणि रस्त्याचा रोध वेगळाच. दीड टनाच्या मोटारीला त्याच चढावर त्याच वेगाने सुमारे १७ किलोवॅट पुरतात. म्हणजे मोटारीत जी अवस्था ओव्हरटेक करताना दहा-पंधरा सेकंद येते, ती मोटरहोममध्ये घाटभर टिकते. बाजारातील बदली कार्ब्युरेटर मात्र मोटारीचा विचार करून जुळवलेला असतो. ट्यूनिंगची सर्व गरज या एका विसंगतीतून निर्माण होते.

कार्ब्युरेटरचे कार्यतत्त्व :

निमुळत्या होत गेलेल्या नळीतून हवा वाहू लागली की अरुंद भागात तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे फ्लोटच्या कक्षातील इंधन, वातावरणाच्या दाबाने ढकलले जाऊन, जेटच्या छिद्रातून वर येते व हवेत मिसळते. आपण प्रयोगशाळेत शिकवतो ती व्हेंचुरी नलिका ती हीच. हवेचा प्रवाह वाढला की दाबातील फरक वाढतो, इंधनही वाढते, आणि प्रमाण साधारणतः कायम राहते.

हे ‘साधारणतः’ फार महत्त्वाचे आहे, कारण इंजिनाला प्रत्येक अवस्थेत एकच प्रमाण नको असते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. सपाट रस्त्यावर हलक्या भाराने जाताना १५ ते १५.५ चालते व इंधन वाचते. पूर्ण भारावर मात्र १२.५ ते १३ इतके समृद्ध मिश्रण हवे. जास्तीचे इंधन शक्तीसाठी काही अंशी, पण ज्वलनाचे तापमान आवरण्यासाठी व नॉकिंग टाळण्यासाठी अधिक उपयोगी पडते. म्हणून कार्ब्युरेटरमध्ये मंदगती, मुख्य, शक्तिवर्धक, ॲक्सिलरेटर पंप आणि चोक अशी वेगवेगळी मंडले असतात. ट्यूनिंग म्हणजे या मंडलांचा मेळ विशिष्ट इंजिन, विशिष्ट भार आणि विशिष्ट इंधन यांच्याशी घालणे.

मूळ आणि बदली :

या वाहनाचा मूळ कार्ब्युरेटर रोचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट. त्याची पुढची दोन छिद्रे लहान (थ्रॉटलपाशी सुमारे ३५ मिलिमीटर) आणि मागची दोन मोठी (सुमारे ५७ मिलिमीटर) असतात. हलक्या भाराला लहान छिद्रांत हवेचा वेग चांगला राहतो व इंधनाचे तुषार बारीक होतात. भार वाढला की मागची दारे उघडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते जड वाहनासाठी ही रचना आजही उत्तम आहे, आणि जाणकार कारागीर मिळत असेल तर जुना क्वाड्राजेट दुरुस्त करून घेणे हाच पहिला पर्याय असावा. अडचण अशी की थ्रॉटलच्या दांड्याभोवतीचे ओतकाम झिजते, तळाच्या बुचांतून इंधन झिरपते, आणि हे दोष नीट दूर करणारे हात कमी होत चालले आहेत.

बदली म्हणून एडलब्रॉक कंपनीचा परफॉर्मर हा कार्ब्युरेटर वारंवार निवडला जातो. त्याची मूळ रचना कार्टर कंपनीच्या १९५७ मधील एएफबी या चार छिद्री कार्ब्युरेटरची. १४०६ क्रमांकाचा नमुना मिनिटाला ६०० घनफूट हवेचा, तर १४११ क्रमांकाचा ७५० घनफूट हवेचा आहे. ‘एवढ्या मोठ्या इंजिनाला ६०० पुरेल काय?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर अंकगणितात आहे. चार फटक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा घेते. ७.४६ लिटरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर सुमारे १४.९ घनमीटर, म्हणजे ५२७ घनफूट हवा घेईल. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के धरले तर ही मागणी ४४८ घनफुटांवर येते. मोटरहोम ४,००० फेऱ्यांच्या वर क्वचितच जाते. तेव्हा ६०० पुरेसा आहे, आणि लहान व्हेंचुरीमुळे कमी वेगात इंधनाचे मापन अधिक नेमके होते. मोठा कार्ब्युरेटर म्हणजे अधिक शक्ती हा समज शर्यतीच्या मैदानावरून आलेला आहे. पाच टनांच्या घराला त्याचा काही उपयोग नाही.

बसवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. नव्या कार्ब्युरेटरची चारही छिद्रे जवळजवळ सारख्या आकाराची असल्याने मूळ मॅनिफोल्डवर तो थेट बसत नाही. मध्ये जुळवणीची पट्टी लागते, आणि पट्टी व गास्केट यांच्या कडा छिद्रांवर नीट बसल्या नाहीत तर तेथून हवा आत शिरते. अशी चोरटी हवा असेपर्यंत पुढचे सर्व ट्यूनिंग व्यर्थ जाते. दुसरे, पट्टीमुळे उंची वाढते आणि झाकणाखाली जागा मोजकीच आहे. हवेची गाळणी बसवून झाकण टेकते का, हे आधी मोजावे. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या वाहनाचा स्वयंचलित गिअरबॉक्स इंजिनावरील भार मॅनिफोल्डमधील निर्वातावरून ओळखतो. ती नळी थ्रॉटलच्या वरच्या तोंडाला जोडली गेली किंवा सैल राहिली तर गिअर चुकीच्या वेळी व धक्क्याने बदलतात, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. ब्रेकच्या साहाय्यक यंत्रणेची नळीही याच निर्वातावर अवलंबून असते. तेथे हयगय चालत नाही.

ट्यूनिंगपूर्व तपासणी :

कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी इंजिनाचे बाकीचे आरोग्य पाहणे आवश्यक आहे. सिलिंडरांचा दाब, स्पार्क प्लग, टायमिंग, सुरुवातीच्या वाहनांत सी. बी. पॉइंटचे अंतर, टायमिंग पुढे नेणारी वजने व निर्वात डबी यांची तपासणी आधी व्हावी. टायमिंग मागे पडलेले असेल तर इंजिन मंदगतीला नीट चालावे म्हणून थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, मंदगतीची छिद्रे आपले काम सोडून देतात, आणि मिश्रणाचे स्क्रू फिरवूनही काही फरक पडत नाही. हा दोष कार्ब्युरेटरचा नसतो.

त्यानंतर इंधन. या कार्ब्युरेटरला इंधनाचा दाब दर चौरस इंचास साडेपाच पौंडांच्या आसपास लागतो. साडेसहाच्या वर गेल्यास सुई इंधन अडवू शकत नाही व फ्लोट कक्ष भरून वाहू लागतो. फ्लोटची पातळी वरचे झाकण उलटे धरून मोजतात. गास्केट आणि फ्लोट यांत ७/१६ इंच, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर अंतर असावे. नवाकोरा कार्ब्युरेटर खोक्यातून काढला तरी हे माप घ्यावे. वाहतुकीत फ्लोटचा पत्रा वाकलेला असू शकतो. पातळी एक-दोन मिलिमीटरने बदलली तरी जेटपाशी इंधन लवकर किंवा उशिरा पोचते आणि मुख्य मंडल सुरू होण्याचा क्षण सरकतो.

मंदगतीचे समायोजन :

इंजिन पूर्ण तापलेले आणि चोक पूर्ण उघडलेला हवा. मिश्रणाचे दोन्ही स्क्रू हलकेच बंद करून प्रत्येकी दीड फेरा उघडावेत. मॅनिफोल्डला निर्वातमापक जोडावा. आधी थ्रॉटलच्या स्क्रूने फेऱ्या ठरवाव्यात. मग एका बाजूचा मिश्रण-स्क्रू फिरवत निर्वात व फेऱ्या जास्तीत जास्त कोठे होतात ते शोधावे, फेऱ्या पुन्हा मूळ अंकावर आणाव्यात आणि दुसऱ्या बाजूला तीच कृती करावी. शेवटी दोन्ही स्क्रू सारखेच थोडे आत घेऊन फेऱ्या सुमारे वीसने उतरतील इतके मिश्रण विरळ करावे. स्वयंचलित गिअर ‘ड्राइव्ह’मध्ये असताना फेऱ्या किती उतरतात हेही पाहावे लागते. त्या वेळी चाकांना लाकडी ठोकळे लावलेले, पार्किंग ब्रेक ओढलेला आणि एक व्यक्ती पायब्रेकवर बसलेली असलीच पाहिजे.

हा भाग सर्वांना ठाऊक असतो व बहुतेक जण येथेच थांबतात. वाहन तर मंदगतीत उभे राहण्यासाठी घेतलेले नसते.

समगती आणि चढण :

या कार्ब्युरेटरच्या पुढच्या दोन जेटांत प्रत्येकी एक पायऱ्यांचा रॉड लोंबकळत असतो. रॉडचा वरचा भाग जाड, खालचा बारीक. हलक्या भाराला मॅनिफोल्डमधील निर्वात छोट्या दट्ट्याला खाली ओढून ठेवतो, रॉडचा जाड भाग जेटमध्ये राहतो व इंधनाची वाट अरुंद होते. भार वाढून निर्वात कमी झाला की दट्ट्याखालची स्प्रिंग रॉड वर उचलते, बारीक भाग जेटमध्ये येतो व मिश्रण समृद्ध होते. ही रचना साधी असली तरी तिची योजकता कौतुकास्पद आहे. संवेदन, निर्णय आणि कृती ही तिन्ही कामे एक स्प्रिंग करते.

१४०६ क्रमांकाच्या नमुन्यात पुढच्या जेटचा व्यास ०.०९८ इंच, रॉडचा जाड भाग ०.०७५ इंच आणि बारीक भाग ०.०४७ इंच असतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्राने हिशेब केला तर जाड भाग जेटमध्ये असताना इंधनासाठी सुमारे २.०२ चौरस मिलिमीटर वाट उरते आणि बारीक भाग असताना ३.७५ चौरस मिलिमीटर. वाट ८६ टक्क्यांनी वाढते. प्रत्यक्ष इंधन नेमके याच प्रमाणात वाढत नाही, कारण मंदगतीचे मंडल व हवेची सूक्ष्म छिद्रेही आपापला वाटा घेतात. तरी या आकड्यांवरून मापांची संवेदनशीलता कळते. रॉडचा जाड भाग ०.०७५ ऐवजी ०.०७३ इंच केला, म्हणजे व्यासात केवळ ०.०५ मिलिमीटरचा फरक केला, तर समगतीची वाट ७ टक्क्यांहून अधिक वाढते. वापरलेले जेट तारेने खरवडून साफ करू नये असे जुने मिस्त्री सांगत, त्याचे कारण या हिशेबात आहे.

आता स्प्रिंगचा विचार करू. कारखान्यातून या नमुन्यात नारिंगी स्प्रिंग येते. निर्वात ५ इंच पाऱ्याच्या खाली गेला की ती रॉड उचलते. मोटारीत सपाट रस्त्यावर निर्वात १५ ते १८ इंच असतो. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की तो एकदम दोन-तीन इंचांवर येतो व रॉड लगेच उचलले जातात. मधल्या अवस्थेत मोटार फार वेळ राहत नाही. मोटरहोमचे तसे नाही. सौम्य पण लांब चढावर किंवा समोरून वारा असताना ते ६-७ इंच निर्वातावर मैलच्या मैल चालत राहते. इंजिनावर भार मोठा, तरी निर्वात पाचाच्या वर असल्याने रॉड खालीच, मिश्रण समगतीचेच, म्हणजे विरळ. सिलिंडरमधील तापमान चढत जाते. या अवस्थेत इंजिन तक्रार करतेच असे नाही. नॉकिंगचा आवाज वाऱ्याच्या व टायरांच्या आवाजात बुडून जातो आणि हजार-दोन हजार मैलांनंतर एखाद्या सिलिंडरचा दाब उतरलेला आढळतो.

यावरचा उपाय फार स्वस्त आहे. त्याच कार्ब्युरेटरसाठी ७ इंचांची गुलाबी व ८ इंचांची साधी, रुपेरी स्प्रिंग मिळते. ती घातली की रॉड लवकर उचलले जातात व चढाच्या सुरुवातीपासूनच समृद्ध मिश्रण मिळते. मंदगतीतील निर्वाताच्या निम्म्याच्या आसपासची स्प्रिंग निवडावी, असा एक व्यवहारी नियम आहे. मंदगतीला १६ इंच असतील तर ८ इंचांची स्प्रिंग. आणखी कडक स्प्रिंग असती तर सपाट रस्त्यावरही रॉड वर राहिले असते व पेट्रोल वाया गेले असते, हेही ध्यानात ठेवावे. स्प्रिंग व रॉड बदलण्यासाठी कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. वरची दोन छोटी झाकणे काढली की काम होते. जेट बदलायचे तर मात्र वरचा संपूर्ण भाग उघडावा लागतो. म्हणून आधी स्प्रिंग, मग रॉड आणि अगदी शेवटी जेट हा क्रम श्रेयस्कर. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. दोन बदल एकत्र केले तर कोणत्या बदलाने काय घडले हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

परिणाम मोजण्यासाठी पूर्वी स्पार्क प्लगचा रंग पाहत. आजच्या शिसेरहित पेट्रोलवर प्लगचा रंग फारसे बोलत नाही. निकास नळीत बसवलेला विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन संवेदक अधिक विश्वसनीय होय, अर्थात नळीला गळती नसेल तर. त्यावर लॅम्डा हे गुणोत्तर वाचता येते. प्रत्यक्ष प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाचे प्रमाण म्हणजे लॅम्डा. समगतीला लॅम्डा १.०० ते १.०५ आणि चढावर पूर्ण भाराला ०.८५ ते ०.८८ यांच्या दरम्यान असावा. चढावरील वाचन सहप्रवाशाने करावे, चालकाने नव्हे.

मागच्या दोन छिद्रांत रॉड नसतात, फक्त ठरावीक जेट असतात, व वरची वजनदार झडप हवेच्या ओढीने आपोआप उघडते. पूर्ण भारावर लॅम्डा विरळ बाजूस असेल आणि पुढची बाजू ठीक असेल तरच मागच्या जेटांकडे वळावे. ॲक्सिलरेटर पंपाची गरज त्याहून कमी वेळा पडते. निघताना इंजिन क्षणभर अडखळत असेल तर पंपाची दांडी वरच्या छिद्रात लावून त्याचा फटका वाढवता येतो.

उंचीचा प्रश्न :

अमेरिकेत मोटरहोम घेऊन निघालेले कुटुंब रॉकी पर्वत ओलांडतेच. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७१ टक्के भरते. व्हेंचुरीतील दाबाचा फरक हवेच्या घनतेच्या प्रमाणात बदलतो, तर इंधनाचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे हवेचे वस्तुमान घनतेनुसार कमी होते, पण इंधन घनतेच्या वर्गमुळानुसारच कमी होते. दोहोंचा भागाकार केला तर मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात समृद्ध होते. ०.७१ चे वर्गमूळ ०.८४, म्हणजे बोगद्यापाशी मिश्रण सुमारे १९ टक्के समृद्ध झालेले असते. डेन्व्हर शहराच्या उंचीवर, सुमारे १,६०० मीटरवर, हाच आकडा ८ टक्के येतो.

याचा अर्थ समुद्रसपाटीला अचूक जुळवलेले इंजिन डोंगरात धूर सोडील, आणि डोंगरात जुळवलेले इंजिन किनाऱ्यावर उतरताच विरळ होईल. या दोहोंत दुसरी चूक महागाची आहे, म्हणून ट्यूनिंग नेहमी प्रवासातील सखल प्रदेशासाठी करावे. वर गेल्यावर शक्ती कमी होणारच. काही पेट्रोल वाया जाईल, ते सोसावे. उंच प्रदेशात महिनाभर मुक्काम असेल तरच जाड रॉडांचा संच घालावा आणि परतीच्या प्रवासापूर्वी तो आठवणीने काढावा.

उष्णता, बाष्परोध आणि सुरक्षितता :

इंजिनाभोवती जागा कमी असल्याने झाकणाखालील हवा फार तापते. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळले की मिश्रणाची बाष्पनशीलता वाढते, आणि पंपाकडे जाणाऱ्या गरम नळीतच पेट्रोलची वाफ होऊ लागते. पंप वाफ ओढत राहतो व इंजिन भर चढावर बंद पडते. कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक जाड पट्टी, निकास नळ्यांपासून दूर नेलेली इंधन नळी, आणि टाकीजवळ बसवलेला विद्युत पंप हे यावरचे उपाय होत. इंजिनाचा तेलदाब गेल्यास आपोआप बंद होईल अशी कळ या विद्युत पंपाला असलीच पाहिजे. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंप चालू राहिला तर तो फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओततच राहील. अर्ध्या शतकापूर्वीच्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ होऊन चिरतात. त्या सर्व बदलल्याशिवाय नवा कार्ब्युरेटर बसवू नये.

विरळ मिश्रणामुळे कार्ब्युरेटरमधून उलटा भडका निघू शकतो. हवेची गाळणी जागेवर असली तर ती हा भडका अडवते. गाळणी काढून, घरातले झाकण उघडे ठेवून इंजिनाला रेस देत बसणे म्हणजे दिवाणखान्यात उघडी ज्योत ठेवणे होय. ट्यूनिंगच्या काळात अग्निशामक हाताशी हवा आणि वाहन मोकळ्या हवेत उभे असावे. काम संपल्यावर झाकणाचे रबर तपासावे. ते फाटलेले असेल तर इंजिनाभोवतीचे वायू थेट निवासी भागात येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ कायम लावलेले असावे.

इथेनॉल आणि आपल्याकडील संदर्भ :

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याच्या ज्वलनाला वजनाने ९ भागच हवा लागते. दहा टक्के मिश्रित पेट्रोलसाठी पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १४.७ वरून १४.१ वर येते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला कार्ब्युरेटर या इंधनावर सुमारे ४ टक्के विरळ चालतो. मापकावर लॅम्डाऐवजी हवा-इंधन प्रमाण दिसत असेल तर येथे एक फसगत संभवते. असा मापक मुळात लॅम्डाच मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. तेव्हा त्यावर १४.७ दिसले तरी नळीत प्रत्यक्षात १४.१ असते. लॅम्डाच वाचावा, हे बरे.

भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले, आणि त्या इथेनॉलचा काही वाटा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून येतो. वीस टक्के मिश्रणासाठी पूर्ण ज्वलनाचे प्रमाण सुमारे १३.५ येते, म्हणजे तेवढ्याच हवेला ८ ते ९ टक्के अधिक इंधन हवे. इंधन फवारणी करणारी आधुनिक वाहने ऑक्सिजन संवेदकाच्या साहाय्याने ही तूट स्वतः भरून काढतात. कार्ब्युरेटरला ते शक्य नाही. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी २०२० पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या दुचाकी गावोगावी रोज धावत आहेत. त्यांपैकी ज्या वाहनाचे जेट शुद्ध पेट्रोलच्या काळात ठरलेले आहे, ते आज या हिशेबाने विरळ मिश्रणावर चालत असणार. अशा एखाद्या दुचाकीच्या निकास नळीला संवेदक लावून दोन जेटांवरील लॅम्डाचे वाचन घेणे हा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेत एका दुपारी करता येईल.